चांगल्या कोटाचा सल्ला

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात माणूस कोटाच्या ट्रायलला उभा राहिला की त्याला दोनच गोष्टी करता येत: श्वास घेणं आणि बोलणं. हात हलवला की टाचणी टोचे. त्यामुळे भलेभले लोक आरशासमोर उभ्या उभ्या घरातलं सगळं सांगून मोकळे होत, आणि मास्तर ओठांत टाचण्या धरून नुसतं 'हं' म्हणत. जगाचं बरंचसं ज्ञान त्यांना असं बसल्या जागी मिळालं होतं.

लेकीच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न आला तेव्हाही त्यांनी तो आरशासमोरच सोडवला.

शाळा आंतरराष्ट्रीय. शेवटच्या दोन वर्षांसाठी तिथे दोन वाटा होत्या. एका अभ्यासक्रमात सहा विषय, वर एक लांबलचक निबंध आणि समाजसेवा. दुसऱ्यात फक्त तीन विषय, पण पार तळापर्यंत. लेकीचं ठरलेलं होतं: गणित, त्यावर पुन्हा वरच्या पातळीचं गणित, आणि तोंडी लावायला भौतिकशास्त्र. शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची, कापणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी ठोकायची आणि परीक्षेत कधीच येणार नाहीत अशी गणितं सोडवत बसायची. खडू सापडेनासा झाला की मास्तर आधी तिची मूठ उघडून बघत. आडव्यातिडव्या रेघांनी भरलेले अस्तराचे तुकडे त्यांनी कितीदा तरी झटकून वापरले होते.

पण मास्तरांच्या डोक्यात अमेरिका होती. लोकांच्या पोरांना तिकडे जायला इतके सूट शिवून दिले, आता एक आपल्या घरातलं जाऊ दे, एवढंच त्यांचं म्हणणं. तिकडच्या विद्यापीठांना काय आवडतं, हे ते येईल त्याला विचारू लागले.

शाळेतले गणिताचे सर पँट आखूड करायला आले होते. ते म्हणाले, तिकडचे लोक अभ्यासक्रमाचं नाव बघून भुलत नाहीत, मूल त्यात काय करून दाखवतं ते बघतात. हिला तीन विषय द्या, मग बघा. मास्तरांनी ऐकलं, पण नजर सरांच्या अंगातल्या रेडीमेड कोटावर होती. खांदा पार दंडावर उतरलेला. ज्याला स्वतःचा खांदा धड सांभाळता येत नाही, तो आपल्या पोरीचं काय सांभाळणार, असं मास्तरांच्या मनात आलं आणि तिथेच सरांचा निकाल लागला.

त्याच आठवड्यात एक साहेब आले. मुलगा अमेरिकेत शिकत होता. "मास्तर, तिकडे अष्टपैलू लागतात. डोळे मिटून सहा विषयांचा घ्या," ते म्हणाले. त्यांच्या अंगावर कोट असा बसला होता की जणू जन्मताना घालूनच आले होते. मास्तर हरखले. तो कोट आपणच शिवलाय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घरी रणकंदन झालं. लेक वाद घालण्यात पटाईत; तिनं बापाला तीन दिवस जेवू दिलं नाही धड. शेवटी म्हणाली, "बाबा, त्या काकांना कोट बसला म्हणून तो मला घालताय तुम्ही."

"अहो, तिला विचारा तरी," बायको मध्ये पडली.

"विचारलं की. ती नको म्हणाली," मास्तर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सहा विषयांचा अभ्यासक्रम ठरवून आले.

पुढची दोन वर्षं लेक अष्टपैलू होत राहिली. वादविवाद मंडळ, वृद्धाश्रमात वाचन, तो निबंध. त्या सहांत गणितही होतं, नाही असं नाही. पण पाच भावंडांत वाढणाऱ्या पोरासारखं, मिळेल तेवढ्यावर. दुकानात येणं बंद झालं. मास्तरांना खडू जिथल्या तिथे सापडू लागला, आणि शिस्त आली म्हणून ते खूश झाले.

प्रवेश मिळाला. चांगल्या विद्यापीठात. लेक गेली आणि तिथे तिनं व्यवस्थापन घेतलं.

आता गिऱ्हाइकं मास्तरांनाच विचारतात, कुठला अभ्यासक्रम घेतला होता हो? "मुलीला विचारा, तिला काय आवडतं," मास्तर सांगतात. लोकांना वाटतं, म्हातारा आतली गोष्ट सांगत नाही.

परवा फोनवर हवापाणी, जेवणखाण सगळं झाल्यावर मास्तरांनी धीर केला. "गणित करतेस का गं अजून?"

"लागतं तेवढं करते, बाबा."

मास्तर म्हणाले, "तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं मी."

आता तोफ सुटेल म्हणून ते स्टुलावर सावरून बसले. सुटावी असंच त्यांना वाटत होतं. दोन टोमणे, एखादं 'मी सांगत होते ना', काहीही चाललं असतं.

"असं काही नाही हो बाबा," ती मऊ आवाजात म्हणाली. "छान चाललंय माझं. मनाला लावून घेऊ नका."

मास्तरांनी फोन ठेवला. त्या पोरीनं बापाला आजवर इतक्या स्वस्तात कधी सोडलं नव्हतं.