खडूला बंदी असलेली खोली

आमच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. आत खडू न्यायचा नाही, असाही नियम होता. खडूची धूळ यंत्राला बाधते असं मी बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराकडून ऐकून आले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली. एका माजी विद्यार्थ्याने दिलेले पाच संगणक होते, आणि पाचांनाही अभ्रे शिवून घेतले होते. इतकी काळजी आम्ही मुलांची कधी घेतली नव्हती.

शाळा कसबा पेठेतली, मराठी माध्यमाची. तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि जो तो आपलं पोर इंग्रजी शाळेत घालत होता. नववीच्या आमच्या दोन तुकड्या निम्म्या रिकाम्या पडल्या होत्या, म्हणून दिवाळीनंतर दोन्ही मिळून एकच करायची ठरली. गणित शिकवणारे आम्ही दोघं. एका तुकडीला मी आणि दुसरीला सर. दोघांपैकी एकाला संस्थेच्या लोणी काळभोरच्या शाळेत जावं लागणार होतं. कोणी जायचं हे ठरवायला अध्यक्षांनी युक्ती काढली: दोघांनी एकच धडा आपापल्या पद्धतीने पाहुण्यांसमोर शिकवायचा. ज्याची पद्धत काळाला धरून असेल तो इथे राहील. जणू वधूपरीक्षाच.

सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर. बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून रोज मधल्या सुट्टीत घरी जायचे, तिला जेवू घालायचे आणि घंटेच्या आत परत यायचे. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे असं काही कारण नव्हतं. मला फक्त सोलापूर रस्त्यावर रोज दोन वेळा बसला लोंबकळायचं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू?

धडा होता अर्धवर्तुळातल्या कोनाचा. अर्धवर्तुळावर कुठेही बिंदू घ्या आणि तो व्यासाच्या दोन टोकांना जोडा, तिथला कोन काटकोनच होतो. सरांनी पटांगणात रांगोळीने मोठं अर्धवर्तुळ काढलं. व्यासाच्या दोन टोकांना दोन मुलं उभी केली, त्यांच्या हातात सुतळी दिली आणि तिसऱ्याला ती ताणून धरत वर्तुळावरून चालायला लावलं. गल्लीतल्या सुताराकडून गुण्या आणला होता. पोरगं थांबेल तिथे गुण्या लावून बघायचं, काटकोन होतो की नाही. पाहुणे उन्हात खुर्च्यांवर बसून घाम पुसत होते. मध्येच एक मुलगी उभी राहिली. तिच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली होती. म्हणाली, होतो हे दिसलं, पण का होतो ते कळलं नाही. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती पुन्हा उभी राहिली. सरांनी मग केंद्रापासून तिसरी सुतळी लावली, तेवढ्यात घंटा झाली आणि धडा अर्धाच राहिला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी मनातल्या मनात म्हटलं, संपले सर.

माझी तयारी जय्यत होती. तीन आठवडे खपून मी पडद्यावर दाखवायची चित्रं केली होती. बिंदू वर्तुळावरून आपोआप सरकायचा, कोन लाल व्हायचा, काटकोन झाला की टिंग असा आवाज यायचा. आणखी एक तयारी होती, ती मात्र संगणकाची नव्हे. तपासणीला साहेब येणार असले की आमच्याकडे आदल्या दिवशी वर्गाला बजावून ठेवत: हात सगळ्यांनी वर करायचा, ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाई उजव्या हातवाल्यालाच उठवणार. साहेबाला हातांचं जंगल दिसतं आणि तो खूश होऊन जातो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे सगळे करत. सर सोडून. ते अशा गोष्टींवर नाक मुरडायचे, आणि आम्ही त्यांच्यावर.

पडदे ओढून खोलीत अंधार केला. पाहुणे अनवाणी, मागच्या बाकांवर. सरही त्यांच्यात. चित्रं सरकली, टिंग वाजलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "कळलं का?" सगळे हात वर गेले. पडद्याच्या उजेडात मला स्पष्ट दिसत होतं, त्यातले बहुतेक डावे होते. तीन आठवड्यांचं काम, आणि वर्गाला ओ की ठो कळलेलं नव्हतं. मी उजवे तीन निवडले. तिघांनी घडाघडा उत्तरं दिली.

अध्यक्ष खुशीत होते. सरांकडे वळून म्हणाले, तुम्ही अनुभवी, तुम्हीही विचारा एखादा प्रश्न. सर उठले. त्यांच्या शेजारच्याच बाकावर माझा एक विद्यार्थी अजून हात वर धरून बसला होता, डावा. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक प्रश्न विचारला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

"नको," सर म्हणाले. "मुलं दमली असतील." आणि खाली बसले.

नंतर बाहेर चपला घालताना आम्ही दोघंच होतो. उजवे हात छान निवडलेत, एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, मग उठवलं का नाहीत कुणाला? सर वाकून चपलेचा पट्टा लावत होते. वर न बघता म्हणाले, "कुणाला उठवणार होतो? त्याने डावा हात वर केला होता, बाई. तो खरं बोलला होता."

आठवड्याने कागद आला. सरांनी लोणी काळभोरला जायचं. मोठ्या बाईंनी पेढे वाटले, पद्धतीचं कौतुक केलं. मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच ओठ आपल्याला लागत नाही, तसं झालं होतं. पेढा खाल्ला, गोड लागला नाही, कडूही नाही. मधल्या सुट्टीत सर नेहमीसारखे फाटकातून बाहेर पडले, ते मी जिन्यातून बघितलं आणि वह्या तपासायला बसले. बायकोच्या दुपारच्या जेवणाची त्यांनी पुढे काय सोय केली, हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं म्हणा, किंवा विचारावंसंच वाटलं नाही म्हणा. आजही मला ते नक्की सांगता येत नाही.

दिवाळीनंतर दोन्ही तुकड्या एक झाल्या. मी सगळ्यांना संगणकाच्या खोलीत नेलं. पुढचा धडा चक्रीय चौकोनाचा. पडदे ओढले, चित्रं सरकवली, समोरासमोरचे कोन रंगीत झाले, टिंग वाजलं. सवयीने विचारलं, "कळलं का?" माझी मुलं होती त्यांचे हात वर गेले. बाहेरचं कुणी नव्हतं, तरी डावे आणि उजवे. ती सवय मीच लावली होती. सरांच्या मुलांतल्या कुणीच हात वर केला नाही. मग चष्म्याला दोरा बांधलेली ती मुलगी उठून उभी राहिली.

"नाही कळलं, बाई. सरांनी सांगितलंय, नाही कळलं तर उभं राहायचं."

मी पुन्हा तीच चित्रं सरकवली. ती उभीच राहिली. तिसऱ्यांदा सरकवली. काय नाही कळलं ते मला नीट सांग म्हटलं, तर म्हणाली, का होतं ते. आता आकृती काढून, एकेक कोन जोडून दाखवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी संगणक बंद केला. मागच्या भिंतीवर जुना फळा होता, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात खडूच्या खाचेकडे गेला. खाच स्वच्छ पुसलेली होती. कडेची फटही चाचपून पाहिली. मग आठवलं, खडू या खोलीत यायचा नाही. पाटी माझ्याच अक्षरात दारावर होती.

मी वर्गाकडे तोंड फिरवलं. ती अजून उभी होती.