काडीएवढी धार

भिंतीला कान लावायची मला सवय नव्हती. पण आमची भिंतच पुठ्ठ्याची, त्याला मी काय करणार? पलीकडे दादा आणि वहिनी भांडत होते.

"दक्षिणेतल्या त्या भट्टीत मी यायची नाही. मरायचं तर इथेच मरेन," वहिनी म्हणाली आणि खोकली. खोकून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "आणि तुम्ही तिकडे काय दिवे लावणार? दार वाजलं तरी तुमच्या काळजात धस्स होतं."

"म्हणूनच म्हणतो, चल. डॉक्टर म्हणालेत, अजून एक हिवाळा इथे काढला तर पुढचा दिसायचा नाही. इथे राहायची भीती तिकडे जायच्या भीतीपेक्षा मोठी आहे."

पलीकडे वहिनीने ट्रंक ओढल्याचा आवाज आला, म्हणजे तिने ऐकलं. त्या घरात असं वर्षातून एकदा व्हायचं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. त्या उत्तरेकडच्या शहरात एका मोठ्या इमारतीच्या नळांचं काम त्याच्याकडे होतं. थंडी अशी, की दोरीवर घातलेली विजार माणसासारखी ताठ उभी राहायची. नळ पूर्ण बंद केला की नळीतलं पाणी गोठायचं, फुगायचं आणि नळी फोडायचं. म्हणून हिवाळाभर प्रत्येक घरात तोटीतून काडीएवढी धार सोडून ठेवायची, असा दादाचा हुकूम. टपटप आवाजाने लोकांची झोप उडू नये म्हणून तोटीला सुतळी बांधायची. पाणी सुतळीवरून गुपचूप मोरीत उतरायचं.

एका हिवाळ्यात एका घरात धार सोडायची राहिली. नळी फुटली, जिन्यावर बर्फाचा थर बसला आणि टपालवाला घसरून त्याचा पाय मोडला. चूक दादाची नव्हती, पण त्या दिवसापासून दादा भित्रा झाला. रेड्यासारखा दणकट माणूस, पण रस्त्यातून चालतानासुद्धा कुठे पाणी वाजतंय का ते ऐकायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं.

तर आम्ही तिघं निघालो. दोन दिवस गाडीत होतो. दर काही तासांनी एकेक कपडा काढत गेलो आणि उतरलो तेव्हा तिघांच्या काखेत कोटांची गाठोडी होती. स्टेशनाबाहेर हमाल हसला. म्हणाला, "विकायला आणलेत का?"

दादाला तिथे चार मजली इमारतीत तेच काम मिळालं आणि कामासोबत तळमजल्याची खोली. इमारतीची मालकीण पूर्वी मोठ्या दवाखान्यात मेट्रन होती. सगळे तिला मेट्रनबाईच म्हणत. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "पाणी सकाळी तासभर येतं. गच्चीवरची टाकी भरते, त्यात सात बिऱ्हाडांनी दिवस काढायचा. काम नीट केलंत तर खोली तुमची. नाही केलंत तर दोन्ही माझं."

काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की परत त्या थंडीत. आणि परत थंडीत म्हणजे वहिनीचं काय, ते डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नव्हतं.

वहिनीचा खोकला पंधरवड्यात उतरला. पण दुसऱ्याच आठवड्यापासून टाकी दुपारीच कोरडी पडायला लागली.

बायका जिन्यात हंडे घेऊन उभ्या. मेट्रनबाईंनी दादाला बोलावलं. "कुठेतरी गळतंय. शोधा. आठ दिवस देते."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तो घरोघर फिरला. भिंतींना कान लावले, फरशांखाली बोटं घातली, गच्चीवर उताणा झोपून टाकीचं बूड तपासलं. आमच्या मोरीतला नळही रोज बघायचा आणि म्हणायचा, "आपला ठीक आहे." सातव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर, कपडे शिवणाऱ्या बाईंच्या घरी, त्याला एक झिजलेला वॉशर सापडला. थेंब थेंब गळत होता. एवढ्याने टाकी रिकामी होत नाही, हे त्याला कळत होतं. पण घाबरलेला माणूस दिसेल तिकडे बोट दाखवून मोकळा होतो. त्याने तसं मेट्रनबाईंना सांगितलं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "वॉशरचं निमित्त. ही कापड धुते गिऱ्हाइकांचं, मला माहीत आहे." आणि शिवणवाल्या बाईंना महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. त्या बाई एकट्या. शिवणयंत्र आणि जीभ, एवढीच त्यांची मिळकत.

वॉशर बदलला. टाकी तशीच कोरडी.

दोन दिवसांनी सकाळी मी भांडी घासत होते. दादा आला, मोरीत गेला. नळ करकचून आवळला, सुतळी चिमटीत धरून पाहिली, म्हणाला, "आपला ठीक आहे." मग पुन्हा नळ सोडून हात धुतले, बंद केला आणि वळता वळता त्याच हाताने चावी थोडीशी मागे फिरवली. अगदी पाव वेढा. सुतळीवरून काडीएवढी धार गुपचूप उतरायला लागली.

"दादा," मी म्हटलं, "आत्ता तुझ्या हाताने काय केलं?"

तो वळला. आधी नळाकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा असावा. वीस वर्षं तो हात तेच करत आला होता. ती सुतळी त्यानेच पहिल्या आठवड्याअखेर, खोली लावताना बांधली होती आणि आम्हा कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

वहिनी पलंगावरून उठून आली. तिला सगळं एका नजरेत कळलं. तिने सुरीने सुतळी कापली आणि नळ आवळला. "झालं. आता उद्यापासून पाणी पुरेल. कोणी विचारणार नाही आणि तुम्ही सांगायचं नाही."

"आणि त्या बाई?" दादाने विचारलं.

"त्यांचे हातपाय धड आहेत. माझी छाती नाही," वहिनी म्हणाली. कठोर होती असं नाही. घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी टाकी संध्याकाळपर्यंत टिकली. मेट्रनबाई खूश. "बघितलंत? दम दिल्यावर सरळ झाली." जिन्यात पाऊल वाजलं की दादा खोलीत दाराआड व्हायचा.

महिनाअखेरीला मात्र तो सापडलाच. शिवणवाल्या बाई दाराशी येऊन म्हणाल्या, "दादा, यंत्र खाली आणायला जरा हात लावता का? तुमच्याएवढं अंग दुसऱ्या कोणाला नाही इथे."

दादा गेला. मीही मागोमाग गेले. त्याने यंत्राची एक बाजू उचलली, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. घामाने निथळत होता.

"काय झालं? जड आहे?"

"बाई, हे परत वर नेऊ. गळती माझ्या घरात होती." आणि जिन्यात उभ्या उभ्या, यंत्र हातात धरूनच, त्याने सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा. आधी हे खाली ठेवा, माझ्या पायावर पडेल." आणि त्याच्या दंडाला धरून त्याला मेट्रनबाईंकडे घेऊन गेल्या.

"तुम्ही मला गाढव बनवलंत," मेट्रनबाई म्हणाल्या. "सामान बांधा."

दादाने मान हलवली. मी म्हटलं, "मेट्रनबाई, परत गेलो तर आमची वहिनी हिवाळा काढायची नाही." एवढंच बोलता आलं.

"खोकला मी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "अख्खा जन्म तेच ऐकण्यात गेला माझा."

मग शिवणवाल्या बाई बोलल्या. त्या गप्प बसणं शक्यच नव्हतं. "ह्यांना काढाल, तर नवा येईल तो बेफिकीर येईल. हा माणूस निदान भितो. पाण्याला असाच माणूस लागतो. आणि ज्याच्या घरी खरी गळती होती त्याला मी माफ केलंय, तर तुमचं काय गेलं?"

मेट्रनबाईंनी शिवणवाल्या बाईंना राहू दिलं आणि दादाची शिक्षा बदलली. रोज सकाळी पाणी येऊन गेलं की गच्चीवर जायचं, टाकीत काठी घालून माप घ्यायचं आणि सातही दारं वाजवून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आज किती पाणी आहे. चुकलात की बाहेर.

ज्यांचं पाणी आपल्याकडून वाहून गेलं त्यांचं दार रोज वाजवायचं, ह्याच्याइतकी दुसरी भीती दादाला नव्हती. पहिल्या दिवशी तो पहिल्या दारापुढे इतका वेळ उभा राहिला, की शेवटी मीच कडी वाजवली. लोकांनी टोमणे मारले. "आज स्वतःच्या घरी बघितलंत का?" असं वर्षभर चाललं. तो मान खाली घालून माप सांगायचा आणि पुढच्या दाराकडे निघायचा.

वहिनी पुढे एकोणीस वर्षं जगली, तिथल्या उन्हाला शिव्या देत. दादाची भीती गेली नाही. ती जायला आली नव्हतीच. तो तिला घेऊन सात दारं फिरायचा, एवढंच.

त्याचा शेवटचा दिवसही तसाच गेला. सकाळी छातीत कसंतरी होतंय म्हणाला. मी म्हटलं, आज मी जाते. तर म्हणाला, "तुला काठी धरता येत नाही." कठड्याला धरत गच्चीवर गेला, माप घेतलं, एकेक दार करत तिसऱ्या मजल्यावर आला. शिवणवाल्या बाई आता वाकल्या होत्या, ऐकायलाही कमी यायचं. दादाने कडी वाजवली, दार उघडायची वाट पाहिली आणि जरा मोठ्याने म्हणाला, "बाई, आज सव्वा हातच आहे. कापड उद्या धुवा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तो खालच्या दाराकडे निघाला.