बिघाड आरशातच होता

गाडीचा आरसा बिघडलाय हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझ्या मुलानं आरशाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून बशीत चहा सांडला तरी आळ डोळ्यावर यायचा.

"आई, आरशाला काय झालेलं न्हाय," तो म्हणाला. "अंधारात गाडी झेपंना झालीया तुला. मान्य कर की."

मी मान्य केलं नाही. माझ्या स्वभावात ते बसत नाही.

साध्या गाडीत रात्री मागच्या वाहनाचा उजेड डोळ्यांत घुसला की मधला आरसा हातानं खाली कलवावा लागतो. माझ्या गाडीतला आरसा उजेड पडला की आपणहून काळपट होतो. म्हणजे व्हायचा. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर क्लास लावून ड्रायव्हिंग शिकले आणि स्वतःच्या पैशानं ही गाडी घेतली. जुनीच, पण वरच्या मॉडेलची. पहिले काही महिने आमच्या कसबा बावड्यातल्या बायका मला स्टिअरिंगवर बघून हात दाखवायच्या, मी हॉर्न वाजवायची. आमचे हे गाडी शिकलेच नाहीत, त्यामुळे मायलेकांच्या या भांडणात त्यांनी पेपर वाचणंच पसंत केलं.

हौसेपुरतीच गाडी असती तर मी कदाचित एवढी पेटले नसते. पण मुरगूडला माझी थोरली बहीण असते, अक्का. तिच्या मांडीचं हाड मोडल्यापासून कुणी धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. तिची सून कागलच्या एमआयडीसीत कामाला, ती सातला घरी येते. दुपारनंतर अक्काजवळ कुणीतरी लागतं. इतर दिवशी शेजारणी पाळीनं बसतात. सोमवार आणि गुरुवार माझे. मी जेवून निघायची, सून आली की परत फिरायची. त्या पाच तासांत आम्ही दोघी भांडायचो, शेंगा फोडायचो, मेलेल्या नातेवाइकांची उणीदुणी काढायचो. दिवेलागणीला अक्का उशाखालची काड्यापेटी काढून माझ्या हातात द्यायची आणि मी देवापुढं दिवा लावायची.

जानेवारीतल्या एका सोमवारी मुरगूडहून परत येत होते. उसाचा हंगाम, रस्ताभर ट्रॅक्टर. मागं एक ट्रक लागला, त्याचे पांढरे फटक दिवे थेट माझ्या आरशात. आरसा ढिम्म. डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा आला आणि पुढची ट्रॉली, जिला मागं एक लाल दिवासुद्धा नव्हता, मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाचे शेंडे माझ्या बॉनेटला टेकले होते. मी पाचेक मिनिटं तशीच बसून राहिले.

घरी आल्यावर मी सगळं खरं सांगितलं. झालं. मुलानं माझ्याकडून शब्द घेतला, की आरशाचं काय ते कळेपर्यंत दिवस बुडायच्या आत मी घरी असेन. मी घाबरलेलीच होते, देऊन बसले. शब्द दिला की मी मोडत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग सोमवारी आणि गुरुवारी मी साडेचारलाच निघू लागले. निघताना लाइटचं बटण दाबून जायची, म्हणजे अक्का अंधारात राहायची नाही. मला वाटलं, एवढं पुरे. अक्का एका शब्दानं तक्रार करत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तिच्या सुनेनं फोन केला.

"मावशी, रागवू नका, पर सांगाय पायजे," ती म्हणाली. "तुमी लवकर निघाय लागल्यापास्नं आई सोमवारी-गुरुवारी काड्यापेटी मांडीवर घिऊन बसत्यात. मी येईपतोर. देवाजवळ जाता येत न्हाय, आणि शेजारच्यास्नी हाक मारायला सांगितलं तर ऐकत न्हाईत."

पुढच्या खेपेला मी निघण्याआधीच दिवा लावायला गेले, तर अक्का कडाडली. "उनं हाईत की अजून! देवाला काय खुळा समजतीस?"

मला रडू आलं नाही, संताप आला. माझ्या डोळ्यांना नावं ठेवून घरात सगळे निवांत झोपत होते, आणि तिकडं मुरगूडला माझी म्हातारी बहीण दिवा न लागलेल्या देवाकडं बघत बसली होती. गाडी चालवतानाच मी ठरवलं: शब्द मोडणार नाही, पण परत घेईन. तोही पुराव्यासकट.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. मुलगा म्हणाला, दवाखान्याची खोली म्हणजे हायवे न्हवं. मग मुलालाच घेऊन शोरूमला गेले. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्या मुलानं आरशाखालचा हिरवा दिवा बघितला आणि म्हणाला, "मिरर ओके आहे मॅडम, लाइट लागतोय की." मी म्हटलं, लाइट लागतोय, पण काच काळी होत नाही. तो हसून माझ्या मुलाकडं वळला आणि म्हणाला, "वय झालं की उजेडाचा त्रास होतोच सर." मी तिथं उभी असताना! खूपच वाटत असेल तर अख्खा आरसा बदलून देतो, असंही म्हणाला. पण दोष नाही म्हणणाऱ्याकडून मी नवा आरसा कशाला घेऊ? तो घेतला असता तर म्हातारीची समजूत काढली, एवढंच झालं असतं.

प्रयोगशाळेत तीस वर्षं मी गुरुजनांची उपकरणं पुसली, आणि त्यांनी बिघडवलेली गुपचूप दुरुस्तही केली. उपकरणाचं भांडण तोंडानं मिटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. गाडीच्या खणातलं पुस्तक काढलं, वाचायचा चष्मा लावला आणि बारीक टायपातलं इंग्रजी पान सावकाश वाचून काढलं. आरशाला दोन डोळे असतात. एक पुढच्या काचेकडं बघतो, बाहेर अंधार आहे का ते पाहायला. दुसरा आपल्याकडं, म्हणजे मागं बघतो. पुढच्याला अंधार दिसला आणि मागच्याला झगझगीत उजेड दिसला, तरच काच काळी होते.

मग परीक्षा सोपी होती. बुधवारी भर दुपारी दारात गाडी लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. पुढच्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी डकवली, म्हणजे त्याच्यापुरती रात्र झाली. मागच्या डोळ्यावर बॅटरीचा झोत धरला. मनात साठपर्यंत मोजलं. काच तशीच लख्ख. माझ्या डोळ्यांचा इथं काही संबंधच नव्हता, दुपारचे दोन वाजले होते. मी भर दारात मोठ्यानं म्हटलं, "बघा!" बघायला कुणी नव्हतं, पण म्हटलं.

आरसा पिळून पुढच्या काचेला चिकटवलेल्या बुडख्यातून सोडवला, वायर काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणला. आमचे हे पहिल्यांदा पेपरातून बाहेर आले. "मोडंल तो," म्हणाले. मी म्हटलं, "मोडला तर मोडला. न्हाईतरी कोण त्याला चांगला म्हणतंय?"

तसं म्हटलं खरं, पण हात जपून चालवला. या आरशात दोन काचांच्या मधे काळं पडणारं रसायन भरलेलं असतं, काच तडकली तर ते बाहेर येतं आणि सगळंच संपतं. केस वाळवायच्या यंत्रानं कडेचं प्लास्टिक गरम करून नरम केलं आणि जुन्या प्लास्टिकच्या पट्टीनं कड हळूहळू उचकटली. टक्, टक् करत खाचा सुटल्या. काच शाबूत होती. मागच्या डोळ्यापुढं मसुराएवढं भिंग असतं, बाहेरून काळपटच दिसतं. ते आतून उलटं करून बघितलं.

आतल्या बाजूला लाल थर बसला होता. वाळलेला, तडे गेलेला. नखानं खरवडला, बोटावर घेतला, वास घेतला. कुंकू.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. कुंकू माझंच होतं. दर खंडेनवमीला गाडी धुते, झेंडूचा हार घालते, चाकाखाली लिंबं ठेवते आणि हळदकुंकू वाहते. स्टिअरिंगला, दिव्यांना, आणि आरशालाही. आरशाला कपाळ कुठलं? तर खाली मधोमध ती बारीक गोल जागा होती, टिळ्यासाठीच सोडल्यासारखी. चार वर्षं मी तिथंच ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं. वरचं निघायचं, उरलेलं पाण्याबरोबर भिंगाच्या कडेनं आत उतरायचं. चार वर्षं मी माझ्या हातानं आरसा आंधळा करत होते, तोही भक्तिभावानं.

क्षणभर असं वाटलं की पुसून टाकावं आणि कुणाला काही सांगूच नये. कुणाला कळणार होतं? पण गप्प राहून जिंकले असते तर ते शोरूमवाल्याच्या हसण्याच्याच पंगतीला बसलं असतं.

कोमट पाण्यात कापूस भिजवून भिंग साफ केलं. आत त्या डोळ्याच्या एका तारेला ओलीनं हिरवा गंज धरला होता. तो खरवडला, माझी जुनी सोल्डरिंगची कांडी तापवून डाख दिला. डाख पहिल्याच खेपेला बसला, हे मुद्दाम नोंदवते. आरसा बंद करून जागेवर बसवला आणि मुलगा येईपर्यंत हात न लावता थांबले. इंजिन चालू केलं, पुढच्या डोळ्यावर पुन्हा पट्टी डकवली आणि त्याच्याच हातात बॅटरी दिली.

"धर मागनं."

त्यानं धरली. काही सेकंद काही झालं नाही. मग काचेवर कडेकडेनं निळसर सावली सरकत आली आणि बॅटरीचा लखलखाट मऊ पडला. त्यानं बॅटरी हलवली, परत धरली. पुन्हा तेच.

"काय झालतं मग?" त्यानं विचारलं.

मी कागदात गुंडाळलेली कुंकवाची खपली दाखवली आणि खंडेनवमीचं सगळं सांगितलं. तो हसायला लागला. "म्हंजे चूक तुझीच की, आई!"

"माझ्या बोटाची," मी म्हटलं. "डोळ्याची न्हवं. आणि माझा शब्द परत दे."

त्यानं लगेच दिला नाही. पट्टी काढली, आणि अंधार पडल्यावर शेजारी बसून हायवेवर कागलपर्यंत आला. मागं ट्रक लागला तेव्हा मी रस्ता बघितला, त्यानं आरसा बघितला. काच काळी झाली आणि ट्रकचे दिवे दोन पिवळ्या ठिपक्यांएवढे उरले. परतीच्या वाटेवर त्यानं मागच्या गाडीचे दिवे एकदा मान वळवून बघून घेतले. मग म्हणाला, "तुझा शब्द तुला परत. पर पोचलीस की फोन कर." ते मी मान्य केलं. तेवढं मुलानं म्हणावं.

दुसरा दिवस गुरुवार. साडेचार वाजले तशी अक्का माझ्या पर्सकडं बघायला लागली. पाच झाले. मी शेंगा फोडत होते. सव्वापाचला तिला राहवलं नाही.

"निघत न्हाईस व्हय? पोरगं बोलंल की तुझं."

"सातला जातो," मी म्हटलं. "आरसा नीट झाला."

आरशाचा आणि आपला काय संबंध, हे तिला कळलं नसावं. तिनं विचारलंही नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, मग गेलं. अक्कानं उशाखाली हात घातला आणि काड्यापेटी माझ्यापुढं धरली.