पगार कमी करा, बाई

पोलिओने माझा डावा पाय लहानपणीच नेला, हात मात्र शाबूत ठेवले. आमच्या कोळीवाड्यात जाळं फाटलं की ते माझ्या ओटीवर येऊन पडतं. सांधून दिलं की बोटवाले मासळीचा वाटा देतात, आणि सरकार दर महिन्याला अपंगांचं अनुदान देतं. मासळीवर जेवण निघतं, अनुदानावर गॅस, लाइटबिल आणि गोळ्या.

मुरुडच्या रस्त्याला एक नवं रिसॉर्ट झालं. मालकीणबाई मुंबईहून मांडव्याच्या बोटीने येतात. त्यांना जुन्या जाळ्यांचे झोपाळे हवे होते. ज्या जाळ्याला वास मारतो म्हणून आमची माणसं ते घरात घेत नाहीत, त्यात पाहुणे पैसे देऊन झोपणार. झोपू देत बापडे. बाईंनी निरोप धाडला, महिना सहा हजार.

सहा ऐकून मी आधी बोटांवर हिशोब मांडला. अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि ती महिन्यावर वाटली तर चार हजारांच्या जराशी वर जाते, आणि कचेरी महिन्याचा पगारच बघते. पगार बँकेत येणार, म्हणजे लपवायची सोय नाही. चार घेतले तर अनुदानाचे अडीच धरून साडेसहा, आणि सहा घेतले तर नुसते सहा. शिवाय पावसाळ्यात रिसॉर्टला कुलूप. बंद पडलेलं अनुदान परत सुरू करायचं म्हणजे कचेरीच्या पायऱ्या चढणं आलं, आणि अपंगांची कामं जिथे होतात त्या पायऱ्यांना कठडा नाही.

तेव्हा भाव उतरवायला हवा होता. भाव म्हटला की वहिनी हवीच, ती बाजारात मासळी विकते. निघताना तिला दोनदा बजावलं, आज वर नाही, खाली यायचंय.

"कललं गो," ती म्हणाली. "मी काय वेडी हाय?"

रिसॉर्टवर मी सरळ म्हटलं, "बाई, सहा फार होतात. चार द्या."

बाईंना वाटलं, मी टोमणा मारतेय. "बरं ताई, साडेसहा."

तोवर वहिनी शहाण्यासारखी बसली होती. पण समोरचा वर चढतोय म्हटल्यावर तिच्यातली बाजारवाली जागी झाली. "साडेसहात काय होतंय? हात बघा तिचे! आठ!"

मी तिला चिमटा काढला. तिला वाटलं, आणखी ताण असं मी सुचवतेय. "आठच्या खाली न्हाय परवडत, आमी चाललो," म्हणत ती पदर खोचून उठलीसुद्धा. बाई घाईघाईने सातवर आल्या. माझं अनुदान डोळ्यांदेखत बुडत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

"वहिनी, खाली बस!" मी ओरडले, आणि बाईंना सगळं सांगून टाकलं.

"पण असं का?" त्यांनी विचारलं. "जास्त कमावलं तर मदत बंद?"

"जरा जास्त कमावलं की माझा पाय बरा होतो, असं सरकारचं म्हणणं असेल," मी म्हटलं.

बाई हळहळल्या, फारच वाईट आहे म्हणाल्या. मग मोबाइलवर काही आकडे मांडले आणि चार हजारांना तयार झाल्या. इतक्या चटकन सौदा पटलेला मी आमच्या बाजारात कधी पाहिला नाही. वर आम्हाला कोकम सरबत मिळालं.

परतताना रिक्षात मी खुशीत होते. अनुदान वाचलं होतं. वहिनी मात्र तोंड फुगवून बसली होती, तिने जिंकलेला भाव मी पाण्यात घातला म्हणून. खाडीवरच्या पुलापाशी आल्यावर ती बोलली.

"बाई सात द्यायला तयार व्हती ना?"

"होती."

"तू चार घेतलेस. वरचे तीन तिच्याकडंच र्‍हायले, दर महिन्याला." तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग अनुदान तुला चालू हाय का तिला?"

माझं हसू गेलं. घर येईपर्यंत मी ते दर महिन्याचे तीन हजार बोटांवर मोजत राहिले. भयंकर राग आला होता, आणि तो वहिनीचा नव्हता.