गोमुखीतली टिकटिक

बायकोच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गाठीसकट काढून झाली आणि मागे राहिलेल्या चुकार पेशी मारायला तिला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. ते देतात त्या विभागाच्या दाराशी संगमरवरी पाटी आहे. उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव सर्वांत मोठं, विभागाचं त्याखाली, आजाराचं कुठेच नाही. अशा पाट्या पूर्ण वाचायची मला खोड आहे, कारण आत काय असणार याचा अंदाज येतो. या वेळी अंदाज चुकला.

आत होती एक कॅप्सूल. शिशाच्या जाड बरणीत, ढकलगाडीवरून, दोन माणसं ती घेऊन आली. आमच्या मल्लेश्वरमच्या देवळातली उत्सवमूर्तीही इतक्या जपून नेत नाहीत. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ बाई, वयाने आमच्या सुनेएवढ्या, काचेपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी लांब चिमट्याने कॅप्सूल उचलली, विहिरीसारख्या खोल यंत्रात सोडली, आकडा वाचला आणि सहकाऱ्यालाही वाचायला लावला. सकाळी मोजली होती ना, असं मी नंतर विचारलं. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या की सकाळची मात्रा दुपारी तेवढी उरत नाही. अणू फुटतच असतात, सेकंदाला अब्जावधी, कुणी बघत असो वा नसो. हे त्यांनी दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मात्र काचेला हात टेकून उभा राहिलो.

बायकोला या सगळ्यातलं एकच हवं होतं: नातीला कधी घेता येईल. नात दोन वर्षांची. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला राहतात, पण दिवसभर नात आमच्याकडे, म्हणजे बायकोच्या कडेवर. औषध घेतल्यावर काही काळ बायकोच्याच अंगातून किरण निघणार, तेव्हा लहान मूल जवळ नको. कधीपर्यंत, ते किरण मोजणारा मीटर सांगेल.

तिला जाड भिंतींच्या खोलीत ठेवलं. जेवण दाराशी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या आईचं सोवळं मी आयुष्यभर हसण्यावारी नेलं; इथे मला कुणी हसू दिलं नाही. आत जे न्याल ते परत मिळेलच असं नाही, घामातून, लाळेतून आयोडीन लागतं, हे दोनदा बजावलं होतं. बायकोने घड्याळ, बांगड्या, चष्म्याचं घर सगळं माझ्याकडे दिलं.

रोज सकाळी त्या बाई खोलीत जमिनीवर आखलेल्या रेषेशी उभ्या राहत आणि तिच्याकडे मीटर धरत. आकडा भराभर उतरत गेला. जिवंत शरीर नको ते बाहेर टाकतं, त्या म्हणाल्या. घरी सोडायच्या दिवशी आकडा मर्यादेत आला. बायको उठली, आणि मीटर उशीकडे वळताच टिकटिक वाढली.

उशीखाली गोमुखी होती. आत तुळशीची माळ.

बाईंनी हे काय म्हणून विचारलं. बायको म्हणाली, "सामान नेऊ नका म्हणालात. माळ म्हणजे काय सामान आहे?"

बाईंनी गोमुखी चिमट्याने उचलून मीटरसमोर धरली. दुसऱ्यांच्या नजरेपासून जप झाकायला ती पिशवी असते. मीटरला ती दिसलीच नाही. एकेक मणी बोटांनी ओढताना लागलेला घाम आतून वाजत होता. जपातून काही बाहेर पडतं यावर माझा कधी विश्वास नव्हता. आता पडताना ऐकू येत होतं.

गोमुखी शिशाच्या कपाटात गेली. आपोआप शांत होईल तेव्हा मिळेल, दोन-तीन महिने तरी. बायकोचा चेहरा उतरला. त्या माळेवर तिने नातीसाठी जप केला होता.

बायको घरी आली तरी नात येलहंक्यालाच राहिली. रोज फोनवर आजीला नवा बूट दाखवायची आणि फोनच्या मागे बघायची, आजी तिथे असेल म्हणून. बायको हसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुन्हा घासायची.

पंधरवड्याने तपासणीला गेलो. बाईंनी तिच्यासमोर मीटर धरला. टिक. बऱ्याच वेळाने टिक. मी म्हटलं, अजून येतोय की आवाज. त्यांनी मीटर रिकाम्या भिंतीकडे वळवला, तिथेही तसंच. इथल्या दगडातून, आभाळातून हे सतत येतच असतं, शून्य कधी होत नाही, असं त्या म्हणाल्या. या शहरात इतकी वर्षं राहिलो, आणि पायाखालचा दगड सारखा काही म्हणतोय हे आज कळलं.

मग त्यांना गोमुखी आठवली. कपाट उघडून त्यांनी मीटर पुढे केला. ती अजून वाजत होती. बाई गेल्या वेळचा आणि आजचा आकडा ताडून म्हणाल्या की लाकूड धुवून निघत नाही, ते आपल्याच गतीने थंड होणार. अम्मा मात्र कधीच्या मोकळ्या झाल्या.

"म्हणजे नातीला घेऊ?" बायकोने विचारलं.

"घ्या, अम्मा. हवं तेवढं."

मी विचारलं, माळेसाठी पुन्हा कधी यायचं. बायको तोवर पर्स खांद्याला लावून दारात पोचली होती.

"तिला राहू दे सावकाश," ती म्हणाली. "आधी येलहंक्याची रिक्षा बघा."