घोडी हवेत, आकडा दोनशेवर

"दादा, ही राणी आहे की धुकं?" सायलीने माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून विचारलं.

राणी म्हणजे घोडी. सायली डोंबिवलीची, अकरावीतली. तिला घोडेस्वारीच्या एका मोठ्या अकॅडमीत शिरायचं होतं. फॉर्मसोबत उडी मारतानाचा एक फोटो हवा होता. स्वाराची टाच आणि घोड्याचे पाय स्पष्ट दिसले पाहिजेत, अशी अट. शेवटची तारीख आजची. म्हणून सकाळी आठला मी कल्याणबाहेरच्या रायडिंग स्कूलच्या मैदानात आलेलो.

मी खरं तर लग्नवाला. कोपरीतल्या एका स्टुडिओत कामाला. नवरा-नवरी स्टेजवरून पळून जात नाहीत, त्यामुळे आजवर बरं चाललेलं. आमचा मोठा झूम दुसऱ्या ऑर्डरवर गेलेला. झूम म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. मालकांनी मला नवीन हलका झूम दिला. पाण्याच्या भरलेल्या बाटलीएवढं वजन.

"एवढाच?" कदम सरांनी विचारलेलं. सर आधी लष्करात, आता इथे शिकवतात. अर्धं वाक्य नाकातून, अर्धं मिशीतून. "घोडी मशीन नाही. आज चार उड्या."

दोन उड्या झाल्या. दोन्हीत राणीला पायांच्या जागी पंखा लागलेला.

मी पहिल्यांदा शटरचा आकडा नीट बघितला. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. दोनशे आकडा म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागात पापणी मिटते. हार घालणाऱ्या नवरीला पुष्कळ. उडणाऱ्या घोडीला हजाराच्या वर पाहिजे. मी हजारावर ठेवायला चाक फिरवलं. आकडा दोनशेच. परत फिरवलं. दोनशे.

मालकांना फोन लावला.

"दादा, शटर दोनशेच्या वर जात नाहीये."

"लेन्स काढून परत बसव."

"तीनदा बसवली."

"बॅटरी काढून घाल."

"घातली."

"मग ती लेन्सच फुसकी दिसतेय. कसंतरी मॅनेज कर रे."

मॅनेज केलं. तिसऱ्या उडीला कॅमेरा घोडीसोबत फिरवत नेला. राणीचं तोंड बऱ्यापैकी आलं, पाय आलेच नाहीत. सायली आता जोक मारत नव्हती. लगाम बोटाला गुंडाळत, सोडत बसलेली. मला कळेना, लेन्स खराब, कॅमेरा खराब, की मीच.

कदम सर जवळ आले. "आता शेवटची. आणि ऐक, फ्लॅश मारू नकोस. बिचकेल ती."

"फ्लॅश आणलाच नाही सर."

"मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर हा डबा कसला?"

डबा म्हणजे ट्रिगर. हॉलमध्ये लांब उभ्या केलेल्या फ्लॅशना 'पेटा' म्हणून सांगतो तो. पडू नये म्हणून लग्नवाले तो सीझनभर काळ्या टेपने चिकटवूनच ठेवतात. मीही ठेवलेला, तोही चालूच. तो चालू असला की माझ्या कॅमेऱ्याला वाटतं फ्लॅश उडणार आहे. आणि फ्लॅशसोबत तो दोनशेच्या वर जातच नाही. समोर मंडप नाही, मैदान आहे, हे त्याला कोण सांगणार?

टेप दातांनी सोडवली, डबा काढला. चाक फिरवलं. दोनशे, पाचशे, हजार, सोळाशे. बिचारी लेन्स फुकट शिव्या खात होती.

"सर, सोडा."

राणी आली. हलक्या लेन्समुळे हात तिच्यासोबत अलगद वळला. मी बटण दाबून धरलं. एका उडीचे नऊ फोटो. आठांत कुठे कान कापलेला, कुठे पाय अडथळ्याच्या दांडीआड. एक लख्ख. टाच खाली, खूर मोकळे, नालावरचे मातीचे कण वेगवेगळे मोजता येतील इतके. फक्त सायलीची जीभ पूर्ण बाहेर.

"आई काय म्हणेल?" सायली म्हणाली.

सर फोटोवर वाकले. "फॉर्मवर जिभेचं काही लिहिलंय?"

"नाही."

"पाठव."

पाठवला. तीन आठवड्यांनी ती अकॅडमीत गेली.

माझ्यापुरता धडा एवढाच: यंत्र ऐकत नसेल तर त्याला आधी काय सांगून ठेवलंय, ते आठवावं.