तेरावी घागर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मी विसरलेले नाही. साक्री तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होते.

सणाला सहा दिवस असताना टपालात निनावी कार्ड आले. 'पाचवीतल्या मुलीचे आखाजीला लग्न आहे. थांबवा.' खाली गावाचे नाव. मी ते आवक नोंदवहीत चढवले, तसे ठाणे अंमलदार हसले.

"बाई, वॉरंटाशिवाय अटक नाही. आणि लग्न एकदा लागलं की ते पक्कंच. असल्या कायद्यानं काय थांबणार?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण लग्न लागण्याआधी कोर्टाचा मनाई हुकूम मिळू शकत होता. त्यासाठी मुलगी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पंधराच्या आतली असल्याचा पुरावा हवा होता.

मी गणवेशात, जीप घेऊन गेले. तीच चूक झाली. गाव गप्प. मुलीचा बाप शांतपणे म्हणाला, "सोळानी शे, बाई. शाळामा गुरुजीनी अंदाजे वय लिखं." कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, त्या घरची बारा वर्षांपूर्वीची जन्मनोंद होती, पण त्यात फक्त 'मुलगी', नाव नाही. "ती धाकली. वारनी ती," बापाने सांगितले.

दुसऱ्या दिवशी साधे लुगडे नेसून, एसटीने गेले. अंगणात लग्नाचे पापड चालले होते. मी कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. पण हातात लाटणे घेतलेल्या बाईसमोर बायका फार वेळ गप्प बसत नाहीत. नवरी मुलगी वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकत होती.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. माणूस गेल्यावर जी आखाजी येते, तिला पहिली. मी मुलीच्या आजीला तिच्या गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारले, "अक्का, आबांची यंदा कितवी घागर?"

"तेरावी. पहिली भरी त्याच दिन हाई पोर जनमनी," तिने कावळे हाकणाऱ्या नातीकडे बोट केले. "म्हतारा पोर व्हईसन उना. म्हनं, आते तरी मन्हं ऐकी."

बायका हसल्या. माझे लाटणे थांबले. म्हणजे मुलगी आखाजीला बाराची होणार होती. कोतवाल बुकात म्हाताऱ्याचा मृत्यू आणि पुढच्या आखाजीचा तो जन्म, दोन्ही जुळले.

आजीचा जबाब लिहायला बसले तेव्हा बाप धावत आला. "आई, तू चुकी ऱ्हायनी."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "घागर मोजामा मी चुकत नही. पितरसना नावनं खोटं बोलू का?" आणि तिने अंगठा पुढे केला.

कोर्टाने हुकूम दिला. तो मी स्वतः मुलीच्या बापावर, व्याह्यावर आणि भटजीवर बजावला. आखाजीला त्या दारात फक्त घागर भरली गेली.

कायद्याने माणसे बदलतात का, यावर मी पुष्कळ वाद ऐकले. त्या बापाचे मन मी बदलले नाही. तीन वर्षांनी तो ठाण्यात आला, तोंड वाकडे करून. टेबलावर मुलीची लग्नपत्रिका ठेवली, तिच्यावर शाळेचा दाखला.

"पाही ल्या. पंधरा पुऱ्या व्हयन्यात. आनि सातवी पास शे."

मी दाखला नीट वाचला. जन्मतारीख बरोबर होती. मग अंमलदारांना हाक मारली आणि तो कागद त्यांनाही वाचायला दिला.